फुटपाथवर गाडी लावलीय, आता काय करायचं? सोलापूरकरांसाठी पायरीपायरीने

आईच्या पोटरीवर चटक्याचा डाग अजून आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी तिला रोज वीस मिनिटं चालायला सांगितलं होतं. विजापूर रोडच्या बाजूला आमची गल्ली. तिथून कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच फेरा. वाटेत एका दुकानासमोर फुटपाथवर चार मोटारसायकली आडव्या लावलेल्या. वॉकर घेऊन खाली उतरायचं तर कड उंच, आणि खाली सिटी बस, रिक्षा, मालाचे टेम्पो. म्हणून ती दोन गाड्यांमधल्या फटीतून निघाली. त्यातली एक नुकतीच येऊन थांबलेली, सायलेन्सर तापलेला. वॉकर अडकला, साडी वर सरकली आणि पोटरी सायलेन्सरला टेकली. घरी येईपर्यंत रुपयाएवढा फोड आला होता.

त्या दिवशी मी तणतणत त्या दुकानात गेले, भांडले आणि हात हलवत परत आले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पाच गाड्या होत्या. पुढचे काही महिने या एका कामामागे राहिल्यावर कळलं की गाडी हलवणं आणि जागा मोकळी ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं पोलिसांचं, ते तासाभरात होऊ शकतं. दुसरं बरंचसं महापालिकेचं, त्याला कागद लागतो आणि चिकाटी लागते. आपण बहुतेक वेळा पहिल्यावरच थांबतो, म्हणून गाड्या दुसऱ्या दिवशी परत येतात.

आधी हे पक्कं डोक्यात ठेवा: फुटपाथला बोर्ड लागत नाही

कुणालाही हटकलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं. "नो पार्किंगचा बोर्ड कुठाय इथं?" मलाही हेच ऐकवलं आणि मला उत्तर देता आलं नाही. उत्तर असं आहे: रस्त्याच्या कडेला गाडी लावायची की नाही हे बोर्डावर, सम-विषम तारखेच्या पी-१, पी-२ पाट्यांवर ठरतं. फुटपाथचं तसं नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मोटार वाहन ड्रायव्हिंग नियमावलीत फुटपाथ, सायकल ट्रॅक आणि पादचारी क्रॉसिंग या जागी गाडी लावायला सरळ मनाई आहे. पाटी असो वा नसो. पी-१ चा दिवस असला तरी ती सवलत रस्त्यासाठी आहे, फुटपाथसाठी नाही.

बाकीची कलमं थोडक्यात सांगते, कारण अर्जात ती लागतात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२२: सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा किंवा अकारण गैरसोय होईल अशी गाडी उभी ठेवता येत नाही. कलम १७७: पहिल्यांदा ५०० रुपये दंड, पुन्हा तेच केलं तर १,५००. कलम १२७: दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस सोडलेली, किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याच्या आदेशाने उचलून नेता येते आणि उचलण्याचा खर्च मालकावर बसतो. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम १०२ मध्येही रस्त्यात गाडी उभी करून अडथळा करायला मनाई आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २८५ आहे: सार्वजनिक वाटेत अडथळा केला तर ५,००० रुपयांपर्यंत दंड. जुन्या दंड संहितेत हाच आकडा २०० रुपये होता.

आणि एक गोष्ट अर्जाच्या अगदी वर लिहा. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने, स्पष्ट सांगितलं की अडथळा नसलेला, वापरण्याजोगा फुटपाथ मिळणं हा पादचाऱ्याचा घटनेच्या कलम २१ (जगण्याचा हक्क) खालचा हक्क आहे, आणि तो दिव्यांगांनाही वापरता आला पाहिजे. टेबलापलीकडचा माणूस "बघू नंतर" म्हणायला लागला की या एका वाक्याने तो खुर्चीत सरळ होतो, हे मी पाहिलंय.

पायरी पहिली: टेप घेऊन जा

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण सगळ्यात जास्त उपयोग मला यानेच झाला. शिंप्याची नको, गवंड्याची स्टीलची टेप घ्या. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुटपाथवर किमान १.८ मीटर रुंदी चालायला मोकळी हवी, म्हणजे साधारण सहा फूट. बाजारपेठेत त्याहून जास्त. आता एक अॅक्टिव्हा मोजा. लांबी सुमारे १.८३ मीटर. म्हणजे एकच स्कूटर आडवी लावली की नियमातला पूर्ण फुटपाथ संपला. तीच कडेला समांतर लावली तर हँडलसकट पाऊण मीटर जातो आणि मीटरभर वाट उरते. तेही बेकायदाच, पण "एका बाजूला तर लावलीय" असं सांगणाऱ्याला हा हिशेब दाखवता येतो. व्हीलचेअरला साधारण ९० सेंटीमीटर लागतात, आणि समोरून दुसरा माणूस आला तर तेवढ्याने भागत नाही.

मोजताना तीन आकडे लिहून घ्या: फुटपाथची एकूण रुंदी, गाड्या लागल्यावर उरलेली वाट आणि कडेची उंची. कड १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा जास्त उंच नसावी असा दंडक आहे. आपल्याकडे पुन्हा पुन्हा डांबर आणि फरशी चढवून ती कुठे फूटभर, तर कुठे रस्त्याच्या पातळीला आलेली दिसते. सपाट झालेल्या जागी गाड्या हमखास चढतात, म्हणून ही नोंद पुढे महापालिकेकडे कामाला येते.

मोजता मोजता एक गोष्ट ताडून घ्या. तुम्ही ज्याला फुटपाथ म्हणताय तो खरंच फुटपाथ आहे का? नवी पेठ, चाटी गल्ली, मधला मारुती अशा जुन्या भागात गटारावरची फरशी हाच फुटपाथ असतो आणि त्याला लागून दुकानाची स्वतःची पायरी किंवा कट्टा सुरू होतो. जुळे सोलापूर, होटगी रोडकडच्या नव्या इमारतींपुढे समोरची मोकळी जागा, ज्याला बिल्डर मार्जिन म्हणतात, ती इमारतीच्या हद्दीत असते. तिथे लावलेल्या गाडीवर फुटपाथचा नियम लावायला गेलात तर अर्ज तिथेच पडेल. शंका असेल तर सिटी सर्व्हेच्या कार्यालयातून त्या भागाच्या नकाशाची प्रत काढा.

पायरी दुसरी: बोलून बघा, पण गाडीवाल्याशी नव्हे

गाडीवाला पाच मिनिटांत निघून जाणार असतो. रोज तिथे असतो तो दुकानदार. मी दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा भांडायला गेले नाही. त्यांचं म्हणणं असं: "ताई, गिऱ्हाईकाला गाडी काढा म्हणून कसं म्हणायचं ओ? ते पुढच्या दुकानात जातंय की." हे खोटं नाही. मी म्हटलं, "काका, तुम्ही म्हणू नका. खाली रस्त्यावर दुचाकीसाठी पट्टे मारून मागू या, अर्जावर तुम्हीही सही करा." त्यांनी लगेच सही केली नाही, आठ दिवसांनी केली. दुकानदाराची सही असलेला अर्ज आणि फक्त आपल्या सहीचा अर्ज यांत फार फरक पडतो, हे पुढे दिसलं.

ओळखीचा शेजारीच रोज फुटपाथवर कार चढवत असेल तर सोसायटीच्या किंवा गल्लीच्या ग्रुपवर नाव घेऊन लिहू नका. घरी जा आणि तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन जा. कारचं वजन पेव्हर ब्लॉक आणि चेंबरच्या झाकणांना झेपत नाही. झाकण तिरकं झालं की पावसाळ्यात पहिला पाय त्यांच्याच घरातल्या कुणाचा तरी जातो.

पायरी तिसरी: फोटो असा काढा

नुसत्या गाडीचा फोटो निरुपयोगी. एकाच चौकटीत तीन गोष्टी हव्यात: एमएच १३ पासून पुढची पूर्ण नंबर प्लेट, फुटपाथची कड आणि जागा ओळखू येईल अशी खूण, म्हणजे दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक. मोबाईलमध्ये लोकेशन आणि वेळ चालू ठेवा. दुसरा फोटो थोडा लांबून, त्यात माणसं रस्त्यावरून चालताना दिसू द्या. चेहरे टिपू नका, त्यावरून विनाकारण वाद होतात. आणि टेप फुटपाथवर आडवी धरून एक फोटो जरूर काढा. माझ्या अर्जातला तोच फोटो साहेबांनी दोनदा वळून पाहिला.

एका दिवसाच्या फोटोंवर "तो तेवढ्यापुरता थांबला असेल" असं उत्तर मिळतं. म्हणून पंधरवड्यात किमान पाच वेगळ्या दिवशी, साधारण त्याच वेळेला काढा. संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवार हे बाजाराचे दिवस-वेळा सोडू नका. वहीत तारीख, वेळ, गाड्यांची संख्या आणि उरलेली वाट लिहीत जा.

अंध व्यक्तींसाठी ठिपक्यांच्या आणि रेघांच्या पिवळ्या फरश्या बसवलेल्या असतील आणि गाडी नेमकी त्यावर असेल, तर तो फोटो वेगळा ठेवा. पांढरी काठी त्या रेघांवरून सरकत जाते आणि थेट हँडलवर आदळते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा उल्लेख करायला हा फोटो आधार होतो.

पायरी चौथी: तातडीचं काम कुणाकडे

ॲम्ब्युलन्स अडलीय, शाळेच्या गेटसमोर मुलं गाड्यांमध्ये अडकलीत, अशी वेळ असेल तर ११२. रोजच्या अडथळ्यासाठी ११२ वापरू नका. शहर वाहतूक शाखेला किंवा पोलीस नियंत्रण कक्षाला फोन करा आणि "अमुक चौकाकडून तमुक चौकाकडे जाताना डाव्या हाताला" असा पत्ता सांगा. "सात रस्त्याजवळ" म्हटलं तर कुठल्या रस्त्यावर? सातांपैकी एक सांगायला हवा. महाराष्ट्र पोलिसांच्या महा ट्रॅफिक अॅपवरून फोटोसह तक्रार करता येते. तिथे वर सांगितलेला तीन गोष्टींचा फोटो लागतो.

महिनोन्‌महिने हवा गेलेली, काच फुटलेली, खाली कुत्री झोपतात अशी गाडी असेल, तर तो वेगळा विषय आहे. तिचा चालान फाडून काही होत नाही. त्यासाठी पोलीस ठाण्यात कलम १२७ चा उल्लेख करून बेवारस वाहनाचा अर्ज द्या आणि प्रत महापालिकेच्या झोन कार्यालयाला द्या. नंबर प्लेट नसली तर चेसिस नंबर शोधायला स्वतः हात घालू नका, ते पोलीस करतील.

गाडी नाही, पण दुकानदाराने गाडी चढवायला सिमेंटचा किंवा लोखंडी पत्र्याचा उतार टाकलाय, साखळी लावलीय, "फक्त ग्राहकांसाठी पार्किंग" अशी पाटी फुटपाथवर रोवलीय, तर हे पोलिसांचं काम नाही. हे महापालिकेचं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २२९ ते २३१ प्रमाणे रस्त्यात अडथळा करणारी बांधकामं आणि ठेवलेल्या वस्तू काढायचा अधिकार आयुक्तांना आहे, आणि कलम २३१ खाली बऱ्याच गोष्टी नोटीस न देताही काढता येतात. अर्ज अतिक्रमण विभागाला करा. उतार निघाला की निम्म्या गाड्या आपोआप चढायच्या थांबतात. हा अनुभव आहे.

पायरी पाचवी: लेखी अर्ज

तोंडी तक्रारीने त्या दिवशीची गाडी हलते. जागेसाठी कागद लागतो. अर्ज एक पानाचा ठेवा आणि माणसाविरुद्ध न लिहिता जागेविषयी लिहा. मी दिलेला अर्ज साधारण असा होता:

"प्रति, मा. पोलीस निरीक्षक, शहर वाहतूक शाखा, सोलापूर. प्रत: मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका, इंद्रभवन, सोलापूर.

विषय: ____ ते ____ या रस्त्याच्या डाव्या बाजूच्या पदपथावरील वाहने हटवून पदपथ कायमस्वरूपी मोकळा ठेवण्याबाबत.

महोदय, वरील पदपथाची रुंदी ____ मीटर असून सायंकाळी सरासरी ____ दुचाकी उभ्या राहिल्याने चालण्यास केवळ ____ सेंटीमीटर जागा उरते. दि. ____ ते ____ या काळातील पाच दिवसांची छायाचित्रे व नोंदी जोडल्या आहेत. पदपथावर वाहन उभे करण्यास मोटार वाहन ड्रायव्हिंग नियमावली २०१७ नुसार मनाई आहे. मोकळा पदपथ हा घटनेच्या कलम २१ खालील हक्क असल्याचे मा. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी म्हटले आहे. सबब विनंती की, १) सायंकाळी ६ ते ८ या वेळेत नियमित कारवाई व्हावी. २) पदपथाच्या कडेला बोलार्ड (वाहने अडवणारे खांब) बसवावेत. ३) रस्त्यावर दुचाकींसाठी पट्टे आखून जागा द्यावी. केलेल्या कारवाईची माहिती लेखी कळवावी."

खाली तीन-चार जणांच्या सह्या, पत्ता, मोबाईल. त्यात एक ज्येष्ठ नागरिक आणि एक दुकानदार असेल तर उत्तम. दोन्हीकडे आवक विभागात द्या आणि स्वतःच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "साहेबांना देतो" म्हणून अर्ज घेतला आणि शिक्का मारला नाही, तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा.

तिसऱ्या मागणीबद्दल थोडं

गाड्या हटवा म्हणणाऱ्याने त्या कुठे जातील हेही सांगायला हवं. टिळक चौकात खरेदीला येणारा माणूस पूर्व भागातून, बाळ्यातून, कधी अक्कलकोटहून दुचाकीवर येतो. त्याला जागा नसेल तर तो शेजारच्या बोळात गाडी घालेल आणि तिथली म्हातारी माणसं अडकतील. वाहनं कुठे उभी करायची हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ प्रमाणे स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवता येतं, म्हणून अर्ज दोन्ही कार्यालयांना लागतो.

बोलार्डचंही नीट समजून घ्या. दोन खांबांत व्हीलचेअर जाईल एवढं, सुमारे १.२ मीटर अंतर ठेवावं लागतं. त्यातून कार चढत नाही, पण दुचाकी सहज जाते. आमच्याकडे खांब बसल्यावर पहिल्याच आठवड्यात हे दिसलं. दुचाकी थांबवायला खांबांबरोबर खाली आखलेली जागा आणि सुरुवातीचे काही दिवस नियमित चालान, दोन्ही लागतात.

उत्तर आलं नाही तर

महिनाभर थांबा. मग महापालिकेच्या लोकशाही दिनात जा. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. आधीच्या अर्जाची शिक्क्याची प्रत जोडा.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, हा महाराष्ट्रातला नियम. "कारवाई का केली नाही?" असं विचारू नका. "का" ला उत्तर मिळत नाही, कागद मिळतो. म्हणून कागद मागा: आवक क्रमांक ____ च्या अर्जावरच्या टिपणीची प्रत, त्या रस्त्याच्या पार्किंगबाबतच्या अधिसूचनेची प्रत, मंजूर नकाशातली पदपथाची रुंदी. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत वीस रुपये भरून पहिलं अपील.

अगदीच दाद लागली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक वाटेतला अडथळा दूर करण्यासाठी अर्ज करता येतो. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. तिथे जायची वेळ आलीच तर वकील सोबत घ्या.

हे करू नका

टायरची हवा सोडणं, सीट फाडणं, ओरखडे काढणं हा गुन्हा आहे आणि तो तुमच्यावर दाखल होईल. दगड, ड्रम, तुळशीच्या कुंड्या ठेवून जागा अडवू नका. चालणाऱ्याला कुंडीही अडवतेच, आणि पथक आलं की आधी ती उचलतं. क्रेन गाडी उचलत असताना मध्ये पडून व्हिडिओ काढत बसू नका.

आणि आपली गाडी. या सगळ्या काळात मी स्वतः दोनदा "दोन मिनिटांसाठी" फुटपाथवर स्कूटी चढवताना थांबले. नवी पेठेत जायचं असेल तर आता मी गाडी लांब लावते आणि चालत जाते.

काही दिवस आधीपासून सांभाळावे लागतात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सिद्धेश्वर मंदिर आणि होम मैदानाच्या आजूबाजूला, रमजानमध्ये विजापूर वेशीत, गणपतीत मंडपांजवळ. तिथे तक्रार उशिरा पोहोचते, म्हणून पंधरा दिवस आधीच वाहतूक शाखेला पत्र देऊन चालायची एक बाजू मोकळी ठेवायची विनंती करा. तुमच्या घराजवळ मंगल कार्यालय असेल तर लग्नाच्या तिथ्या कळल्या की मॅनेजरला भेटा आणि गाड्या लावून घेणाऱ्या वॉचमनलाच फुटपाथची कड दाखवून ठेवा. आमच्या कोपऱ्यावरच्या कार्यालयाचे वॉचमन मामा आता वरात यायच्या आधी तिथे स्वतःची खुर्ची टाकून बसतात, आणि आई वॉकर घेऊन आली की खुर्ची उचलून बाजूला होतात.